साचा जिथं अडतो

एक मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक हातात घेतलं तर पातळच वाटतं. पण १/७२ प्रमाणाच्या विमानावर त्याच प्लास्टिकची जाडी ७२ मिलिमीटर ठरते, म्हणजे चार बोटं. खऱ्या लढाऊ विमानाच्या पंखाची मागची कड मोजक्या मिलिमीटरची असते. मॉडेलची कड अर्ध्या मिलिमीटरवर राहिली तरी हिशेबाने ती ३६ मिलिमीटर झाली. पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही, पण रंग कितीही छान दिलेला असो, असं विमान खेळणं वाटतं.

ही जाडी किट बनवणाऱ्या कंपनीच्या आळसातून येत नाही, ती साच्यातून येते. किटचे भाग इंजेक्शन मोल्डिंगने बनतात. साधारण दोनशे अंशांच्या घरात तापवलेलं पॉलिस्टायरिन पोलादी साच्यात प्रचंड दाबाने घुसवतात, ते निवतं, साच्याचे दोन अर्धे एकमेकांपासून सरळ रेषेत बाजूला होतात आणि खिळे भागांना ढकलून बाहेर काढतात. या एका वाक्यात किटच्या जवळजवळ सगळ्या दोषांचं मूळ आहे. फार पातळ पोकळीत प्लास्टिक शेवटपर्यंत पोचत नाही, म्हणून कडा जाड. भाग फार जाड ठेवला तर निवताना आकसून वर खळगा पडतो. साचा सरळ उघडायचा असल्यामुळे भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. आतल्या बाजूला वळलेली खाच करता येत नाही, कारण तिथे पोलाद अडकून बसेल. तोफेची नळी पोकळ करता येत नाही. जिथे दोन अर्धे भेटतात तिथे शिवण उमटते आणि जिथे खिळ्यांनी ढकललं तिथे गोल ठसे राहतात, बहुतेक वेळा चाकाच्या खोबणीत, म्हणजे नको तिथेच. बाजूने सरकणारे जादा तुकडे साच्यात बसवून यातल्या काही अडचणींवर तोड काढता येते, पण साचा महागतो. आणि साचा ही मुळातच किटमधली सगळ्यात महाग गोष्ट आहे. हजारो खोकी विकली गेली तरच तो परवडतो.

आफ्टरमार्केट भागांचा सगळा धंदा या पोलादी साच्याच्या मर्यादांवर उभा आहे. किट एका कंपनीचं आणि त्यातले ठरावीक भाग बदलण्यासाठी दुसऱ्याच कोणीतरी बनवलेला छोटा संच, असा हा मामला. कोरलेला पितळी पत्रा, रेझिनचं ओतकाम, लेथवर काढलेली धातूची नळी, थ्रीडी प्रिंट: यातली प्रत्येक पद्धत साचा जिथं अडतो त्या एखाद्या जागी उपयोगी पडते आणि बाकी ठिकाणी साच्यापुढे फिकी पडते. हे ध्यानात असलं की दुकानातली रंगीत पाकिटं पाहून हात आपोआप खिशाकडे जात नाही.

प्रमाणाबद्दल दोन शब्द आधी बोलायला हवेत, कारण पुढचा हिशेब त्यावरच आहे. १/७२ हा आकडा विचित्र वाटतो, पण तो फूट-इंचाच्या जगातून आला आहे: एक इंच म्हणजे सहा फूट. १/४८ मध्ये पाव इंच म्हणजे एक फूट. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये स्कायबर्ड्सने १/७२ ची लाकडी विमानं विकली आणि १९३६ मध्ये फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ नावाने त्याच प्रमाणात प्लास्टिकची जुळवायची विमानं आणली. प्लास्टिक तेव्हा पॉलिस्टायरिन नव्हतं, सेल्युलोज ॲसिटेट होतं, आणि ते काळानुसार वाकडं होत जाई. दुसऱ्या महायुद्धात या प्रमाणाला सरकारी काम मिळालं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना झटकन ओळखता यावं म्हणून १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने देशभरच्या शाळांकडून पाच लाख लाकडी मॉडेलं मागवली. ती १/७२ ची होती. दहा मीटरवर धरलेलं मॉडेल सातशेवीस मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं, असा त्यामागचा सरळ विचार.

शाळकरी मुलांनी तासलेल्या त्या लाकडी विमानांमागचं हे गणित आजच्या छंदाला फार उपयोगी आहे, पण ते क्वचितच कोणी वापरतं. १/४८ चं मॉडेल आपण फूटभरावरून न्याहाळतो. म्हणजे खऱ्या विमानापासून साधारण पंधरा मीटरवर उभे असतो. १/७२ असेल तर बावीस मीटरवर. एखाद्या हवाई तळाच्या फाटकाशी किंवा संग्रहालयात मांडून ठेवलेल्या विमानापासून पंधरा मीटर मागे जाऊन उभं राहावं आणि काय दिसतं ते पाहावं. टायर दिसतात, आणि विमानाच्या वजनाने ते किंचित फुगलेत हेही दिसतं. इंजिनाच्या झोतनळीची काळी पोकळी, नाकावरची बारीक दांडी, पंखाची धारदार कड दिसते. कॉकपिटमध्ये आसनाचा माथा दिसतो. घड्याळांवरचे आकडे मात्र दिसत नाहीत, आणि रिव्हेट दिसलेच तर फार थोडे. पैसे आणि रात्री कुठे खर्च करायच्या याची यादी तिथल्या तिथे तयार होते.

पत्र्याची तोड

प्लास्टिकचा साचा पातळपणात हरतो आणि नेमका तिथेच कोरीव पत्रा जिंकतो. फोटोएच म्हणजे पितळेचा किंवा स्टीलचा एक-दोन दशांश मिलिमीटरचा पत्रा. त्यावर दोन्ही बाजूंनी प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेप चढवतात, वर नकाशाची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश पाडतात, लेपाचा नको असलेला भाग धुऊन टाकतात आणि पत्रा फेरिक क्लोराइडसारख्या द्रावणात धरतात. उघडा पडलेला धातू विरघळतो. खरी गंमत पुढे आहे. दोन्ही बाजू उघड्या असतील तिथे आरपार भोक पडतं, एकच बाजू उघडी असेल तिथे अर्ध्या जाडीपर्यंत खाच पडते. त्या अर्ध्या खाचेवर पत्रा सरळ रेषेत दुमडता येतो आणि तिच्याचमुळे उठावदार नक्षीही मिळते. ही छपाईच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातली जुनी विद्या, छंदाने ती उसनी घेतली.

तिला मोठं केलं ते चेक लोकांनी. एडुआर्ड ही कंपनी १९८९ मध्ये, म्हणजे कम्युनिस्ट राजवट कोसळली त्याच वर्षी, उत्तर बोहेमियातल्या मोस्ट गावी सुरू झाली. हेच ते गाव, ज्याचा जुना भाग खालच्या कोळशासाठी पाडला आणि एक जुनं चर्च रुळांवरून सरकवून दुसरीकडे नेलं. कोरीव पत्र्यांपासून निघालेली ही कंपनी पुढे स्वतःची किटं काढू लागली. चेक प्रजासत्ताकात या धंद्याची वस्तीच झाली: एरेस, सीएमके, स्पेशल हॉबी ही नावं मॉडेलवाल्यांना घरच्यासारखी आहेत. त्याआधी, सत्तर-ऐंशीच्या दशकांत, बेल्जियमच्या फ्रांस्वा वर्लिंडेन यांनी रेझिनच्या भागांचा आणि भारी रंगकामाचा नाद जगाला लावला होता.

पत्र्याशी काम करताना घाई चालत नाही. तुकडा काचेवर किंवा टणक फरशीवर ठेवून धारदार पात्याने तोडायचा, मऊ चटईवर नाही, नाहीतर तो वाकतो. खाच दुमडीच्या आतल्या अंगाला येऊ द्यायची. गोलाई द्यायची असेल तर पत्रा आधी ज्योतीवर धरून मऊ करून घ्यायचा. चिकटवायला सुपरग्लू, कारण प्लास्टिकचा सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतो आणि धातूवर त्याची मात्रा चालत नाही. चिमट्यातून उडालेला तुकडा गालिच्यात पडला तर शोधायला तासभर जाईल हे गृहीत धरावं.

पण पत्रा चपटाच राहतो, हे विसरलं जातं. जाळी, पायऱ्या, अँटेना, पंख्याची पाती यांना तो उत्तम. गोल दांडीचं काम मात्र चपट्या पट्टीकडून करून घेतलेलं डोळ्याला टोचतं, आणि असे तुकडे संचात हमखास घातलेले असतात. आसनाच्या पट्ट्यांचंही तसंच. पितळी पट्ट्यांवरची बक्कलं फार देखणी, पण पट्टा आसनावर कापडासारखा पडत नाही. त्यापेक्षा रंगवलेल्या मास्किंग टेपची कापलेली पट्टी मला अधिक खरी वाटते, आणि तिला पैसे पडत नाहीत.

रेझिन, म्हणजे मऊ साचा

रेझिनच्या ओतकामात उलटं घडतं. इथे साचा सिलिकॉन रबराचा, लवचिक असतो. आत वळलेली खाच असली तरी रबर वाकून निसटतं. म्हणून रेझिनच्या आसनाला पट्ट्या, गाद्या, हँडल सगळं एकाच तुकड्यात येऊ शकतं. आधी एक मूळ नमुना हाताने किंवा संगणकावर घडवतात, त्यावर सिलिकॉन ओततात आणि त्या साच्यात दोन भागांचं पॉलियुरेथेन मिसळून भरतात. हवेचे बुडबुडे जावेत म्हणून निर्वात किंवा दाबाच्या भांड्यात ठेवतात. साचा काही डझन ओतकामांत फाटू लागतो, मग नवा करायचा. पोलादी साच्याच्या मानाने हा खर्च किरकोळ, त्यामुळे मोजकेच लोक विकत घेतील अशा विमानाचा भागही रेझिनमध्ये परवडतो. या व्यवहारामुळेच दुर्मीळ उपप्रकारांची मॉडेलं शक्य झाली.

रेझिन निवताना किंचित आकसतं. दुसऱ्याच्या भागावरून साचा काढून चोरून विकलेली नक्कल मूळ भागापेक्षा जरा लहान निघते, ती याच कारणाने. भाग ज्या ठोकळ्यावर ओतलेला असतो तो ठोकळा बारीक करवतीने कापावा लागतो, आणि इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. रेझिनची धूळ फुप्फुसाला चांगली नाही. करवत आणि पॉलिशपेपर ओला ठेवावा, तोंडावर चांगला मास्क लावावा आणि नंतर टेबल ओल्या फडक्याने पुसावं. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य साबणाच्या पाण्याने धुतलं नाही तर रंग पापडी होऊन निघतो.

रेझिनचं पूर्ण कॉकपिट बसवणं ही वेगळीच परीक्षा. किटच्या धडाच्या भिंती त्यासाठी आतून खरवडून इतक्या पातळ कराव्या लागतात की दिव्यासमोर धरल्या तर उजेड पार दिसतो. तरी चिकटवण्याआधी अनेक वेळा कोरडं बसवून पाहावं लागतं. सगळं नीट झालं की धड बंद होतं आणि त्यातलं तीन चतुर्थांश काम कायमचं अंधारात जातं. माझं मत स्पष्ट आहे: कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण, बंद ठेवायची असेल तर फक्त आसन बदलावं. बाकीचं करायचं तर स्वतःच्या आनंदासाठी करावं, आणि मॉडेल त्यामुळे सुधारलं असं म्हणू नये.

अलीकडे रेझिनच्या ओतकामाची जागा थ्रीडी प्रिंट भराभर घेते आहे. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाचे मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचे थर एकावर एक चढतात. साचाच नसल्यामुळे खाच, उतार, शिवण हे प्रश्न उरत नाहीत. आधाराच्या काड्या तोडताना ठिसूळ भाग मोडतो, ही त्याची खोड. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट आली: छापील थरांनी उठाव दिलेल्या, पाण्यात भिजवून सरकवायच्या उपकरण-पट्ट्या. खऱ्या विमानातलं घड्याळ साधारण आठ सेंटिमीटरचं असतं, १/४८ मध्ये ते दीड-पावणेदोन मिलिमीटर भरतं. ते हाताने रंगवणारे लोक आहेत, मी त्यांना नमस्कार करतो. पण ही छापील पट्टी स्वस्त, देखणी आणि पाच मिनिटांचं काम आहे.

ओझरचं मिग

आता एक विमान घेऊ. मिग-२१ एफएल, भारतीय वायुदलाचं ‘टाइप ७७’. सोव्हिएत रशियाकडून मिग-२१ पहिल्यांदा १९६३ मध्ये आलं आणि एफएल हा प्रकार नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बनू लागला. इंजिनं ओडिशातल्या कोरापूटहून आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादहून येत. सुरुवातीची विमानं रशियातून सुट्या भागांच्या पेट्या मागवून ओझरला जुळवली गेली. थोडक्यात, खरं मिगही आपल्याकडे आधी किट म्हणूनच आलं. नंतर कच्च्या मालापासून बनवणं सुरू झालं. एफएलची निवृत्ती २०१३ च्या डिसेंबरात कलाईकुंडाला झाली.

मॉडेलवाल्याच्या दृष्टीने एफएल हे पीएफ आणि पीएफएम या मिग-२१ च्याच दोन प्रकारांच्या मधल्या जागी अडकलेलं आहे. त्याची कॅनॉपी पीएफसारखी, म्हणजे समोरच्या काचेसकट एकसंध आणि पुढे बिजागरी असलेली. वैमानिक बाहेर फेकला जाताना तीच त्याच्यापुढे ढाल होऊन जाई. शेपूट मात्र पीएफएमसारखी रुंद, आणि तिच्या बुडाशी ब्रेक-पॅराशूटची नळकांडी. पीएफएममध्ये समोरची काच पक्की, कॅनॉपी बाजूला उघडणारी आणि आसन केएम-१ हे वेगळं. म्हणजे पीएफएमचं किट घेऊन त्यावर तिरंगी चकती चिकटवली तर विमान भारताचं दिसतं, पण एफएल होत नाही. कॅनॉपी, तिच्यामागचा भाग आणि आसन बदलावं लागतं. आफ्टरमार्केटचा खरा उपयोग असा: खोक्यातल्या विमानातून दुसरं विमान काढणं. एडुआर्डने २०११ मध्ये १/४८ चं मिग-२१ एमएफ आणलं आणि त्या पायावर पुढे इतर प्रकार काढले, तेव्हापासून हे काम पूर्वीपेक्षा बरंच सोपं झालं आहे.

भागांची यादी पंधरा मीटरच्या अंतरावरून करू. मुख्य चाक ८०० मिलिमीटर व्यासाचं, १/४८ मध्ये जवळजवळ सतरा. जाडजूड आणि ठळक. किटमध्ये ते दोन अर्ध्यांचं असेल तर मधली शिवण घासताना टायरवरची नक्षी पुसली जाते. रेझिनचं एकसंध, तळाशी किंचित दबलेलं चाक घ्यावं. खर्च थोडा, फरक मोठा. झोतनळी हा दुसरा भाग. ती खोल असते, आत आफ्टरबर्नरची कडी दिसते आणि बाहेरच्या कडीची धार पातळ असते. इथे पातळपणा आणि पोकळी दोन्ही हवीत, म्हणजे साचा दोन्हींकडून अडलेला. आसन तिसरं. कॉकपिट उघडं ठेवणार असाल तर आतला तो सोव्हिएत निळसर हिरवा रंग नीट साधा, कारण उपकरणांआधी तोच डोळ्यात भरतो.

चाकाच्या खोबणीसाठी काहीही विकत घेऊ नका. जुन्या वायरीतला तांब्याचा एक तंतू साधारण दोन दशांश मिलिमीटरचा असतो, म्हणजे १/४८ मध्ये जेमतेम एक सेंटिमीटरची हायड्रॉलिक नळी. फोटो समोर ठेवून अशा पाच-सहा नळ्या बसवल्या की विकतचा संच आठवत नाही. पंखाची मागची कडही फुकटात सुधारते: दोन्ही अर्धे चिकटवण्याआधी आतल्या बाजूने सपाट कानशीवर घासायचे. या प्रकरणात सांगितलेल्या सगळ्या उपायांत मॉडेल सर्वांत जास्त बदलतं ते याच एका उपायाने, आणि तो कुठल्याही पाकिटात मिळत नाही.

पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरीव रेषा हा मात्र निव्वळ संकेत आहे. मॉडेलवरची दोन दशांश मिलिमीटरची रेष १/४८ मध्ये जवळजवळ एक सेंटिमीटर रुंद भेग होते. अशी भेग असलेलं विमान कुणी उडवणार नाही. पण रेषा नसेल तर मॉडेल उघडं वाटतं. म्हणून रेषा ठेवायची, फक्त तिच्यात काळा रंग भरून ओरडून दाखवायची नाही.

रंगाबाबत १९७१चं एफएल निवडणाऱ्याला मोकळीक आहे. युद्धाच्या तोंडावर चकचकीत धातूच्या विमानांवर घाईने हिरवे-तपकिरी पट्टे मारले गेले, तेही सगळीकडे एकसारखे नाहीत. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर ५७ मिलिमीटरची रॉकेटं डागली ती याच जातीच्या विमानांनी. अशा विमानाला कारखान्यातली सफाई शोभत नाही, पट्ट्यांची कड ब्रशने काढावी. नमुना म्हणून त्या काळचे फोटो पाहावेत. संग्रहालयातल्या विमानावरून आकार आणि भाग पाहायला हरकत नाही, पण त्याचा रंग अनेकदा नंतर दिलेला असतो. मुंबई-कोकणातल्यांनी लॅकरचा चकचकीत थर जुलैत देऊ नये. दमट हवेत वाळणाऱ्या थरावर पाण्याचा बारीक अंश जमतो आणि पृष्ठभाग दुधाळ पडतो. कोरड्या दिवसाची वाट पाहावी, किंवा खोलीतला दमटपणा कमी करून मगच फवारणी करावी.

राहिली नाकावरची ती बारीक दांडी, म्हणजे पिटो. एफएलमध्ये ती नाकाच्या वर, मधोमध असते. नंतरच्या एमएफमध्ये ती उजवीकडे सरकली, म्हणून संच घेताना पाकिटावरचा प्रकार वाचावा. प्लास्टिकची दांडी जाड असते, आणि ती मोडणार हे ठरलेलं. लेथवर काढलेली पितळी दांडी सुईसारखी बारीक, टप्प्याटप्प्याने निमुळती होत जाते. पोलंडची मास्टर नावाची कंपनी असे भाग बनवते. ती मोडत नाही, पण हातात घुसते. तिच्यासाठीचं भोक नाक रंगवण्याआधीच पाडून ठेवावं, दांडी वेगळी रंगवावी, आणि डिकल, वॉर्निश, चाकं, क्षेपणास्त्रं सगळं झाल्यावर, मॉडेल जिथे ठेवायचं त्या कपाटाशी नेऊन मगच बसवावी.